मार्लिन : न्यू हेवन ते मेओडन

अमेरिकेतील लिव्हर-ॲक्शन रायफलींचा विषय निघाला की पहिले नाव येते ते विंचेस्टरचे. पण त्याच कनेक्टिकट राज्यात, त्याच न्यू हेवन शहरात वाढलेल्या मार्लिन कंपनीची वाटचाल कमी मोलाची नाही. खडतर मात्र ती नक्कीच अधिक होती.

संस्थापक जॉन मालन मार्लिन यांचा जन्म १८३६ चा. यंत्रकामाची उमेदवारी करून ते शस्त्रनिर्मितीत शिरले आणि १८७० मध्ये न्यू हेवनला त्यांनी स्वतःचा कारखाना थाटला. सुरुवातीचा माल म्हणजे छोटी पिस्तुले, रिव्हॉल्व्हर आणि १८७५ पासून एकबारी बॅलार्ड रायफली. १८८१ साली कंपनीची पहिली लिव्हर-ॲक्शन रायफल बाजारात आली. चापाभोवतीचा लिव्हर खाली ओढून पुन्हा वर घेतला की रिकामी पुंगळी बाहेर पडे आणि नळीखालच्या कोठीतले पुढचे काडतूस आत सरके.

मार्लिनला स्वतंत्र ओळख मिळाली ती लुईस हेपबर्न या कल्पक कारागिरामुळे. रेमिंग्टन ही शस्त्र कंपनी सोडून आलेल्या हेपबर्न यांच्या आराखड्यावर बेतलेल्या १८८९ च्या मॉडेलमध्ये वरची बाजू पूर्ण बंद होती आणि पुंगळी उजव्या कुशीतून बाहेर पडत असे. विंचेस्टरची पुंगळी वरून उडे. आत पाऊस-कचरा कमी जावा, पुंगळी नेमबाजाच्या डोळ्यांसमोरून उडू नये, एवढाच या फरकाचा तत्कालीन लाभ. पुढे रायफलीवर दुर्बीण बसवण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा हे सपाट बंद छत मार्लिनच्या फार कामी आले. १८९३, १८९४ आणि १८९५ ही मॉडेले याच घडणीवर उभी राहिली. १८९१ च्या .२२ रायफलीचा वंश तर पुढे ३९-ए या नावाने कित्येक दशके चालला. ॲनी ओकलीसारखी नामांकित नेमबाज मार्लिन वापरत असे, याचा कंपनीला सार्थ अभिमान होता.

१९०१ मध्ये संस्थापक निवर्तले. मुलांनी कारभार सांभाळला, पण १९१५ मध्ये कंपनी विकली गेली. पहिल्या महायुद्धात नव्या मालकांनी मशीनगनचे उत्पादन घेतले आणि शिकारी रायफली मागे पडल्या. युद्ध संपले, मागणी आटली, आणि १९२४ मध्ये कारखान्याचा लिलाव पुकारला गेला. फ्रँक केना या वकिलाने तो अवघ्या १०० डॉलरला घेतला. सोबत एक लाख डॉलरचे गहाणकर्जही अंगावर आले, हे सांगितल्याशिवाय त्या शंभर डॉलरांची कथा पुरी होत नाही. मंदीच्या दशकात केनांनी दाढीची पातीही विकली! कारखाना चालू राहिला.

१९४८ मध्ये आलेले ३३६ हे मॉडेल हरणांच्या शिकाऱ्यांत घरोघरी पोहोचले. १९६९ मध्ये कारखाना शेजारच्या नॉर्थ हेवनला हलला, आणि केना कुटुंबाची मालकी आठ दशकांहून अधिक टिकली.

२००७ च्या अखेरीस रेमिंग्टनने मार्लिन विकत घेण्याचे जाहीर केले. २०११ मध्ये नॉर्थ हेवनचा कारखाना बंद झाला आणि उत्पादन न्यूयॉर्क राज्यातील इलियनला गेले. यंत्रे हलली, ती वर्षानुवर्षे चालवणारे हात मात्र बहुतांशी मागेच राहिले. परिणाम ग्राहकांना लगेच दिसला : लाकूड नीट न बसलेले, माशी तिरपी, लिव्हर अडखळणारा. घडी बसायला वर्षे लागली, आणि ती बसते न बसते तोच रेमिंग्टनच दिवाळखोरीत गेली.

२०२० मध्ये त्या दिवाळखोरीतून झालेल्या लिलावात कनेक्टिकटमध्येच मुख्यालय असलेल्या रुगर कंपनीने सुमारे तीन कोटी डॉलर मोजून मार्लिन घेतली. घाई न करता नॉर्थ कॅरोलायनातील मेओडन येथे उत्पादनाची नव्याने मांडणी झाली, आणि २०२१ च्या डिसेंबरात १८९५ मॉडेलची पहिली खेप बाहेर पडली. २०२३ मध्ये ३३६ देखील परतले. जुन्या कनेक्टिकट रायफलींच्या नळीवरचा ‘जेएम’ हा ठसा संग्राहक आजही शोधतात. मेओडनच्या रायफलींचे अनुक्रमांक ‘आरएम’ या अक्षरांनी सुरू होतात.