वकट, लेंड, मूंड, नाल : खेळ नावाचा दस्तऐवज



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘बालपणीचे आवडते खेळ आणि खेळणी’. निवृत्त माणसाला असा विषय देणे म्हणजे गाईला चाऱ्यावर सोडण्यासारखे आहे. मी इथे तासभर भोवरे, गोट्या आणि चिंचोके यांच्याबद्दल बोलू शकेन, तुम्हीही माना डोलवाल आणि शेवटी आपण सगळे म्हणू, गेले ते दिवस. पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. त्यामुळे खोड अशी की, एखादी गोष्ट फार गोड लागली की ती जरा तपासून बघावीशी वाटते. आठवण गोड आहे म्हणून ती खरी आहे, असे होत नाही. तेव्हा आज माझ्या एकाच आवडत्या खेळाची मी उलटतपासणी करणार आहे. तो खेळ विटीदांडू.

माझे बालपण वाईत गेले, साधारण 1955 ते 1962 या काळात. दुकानातून विकत आणलेली खेळणी आमच्या घरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळी खेळणी आम्ही बनवायचो किंवा ती सापडायची. विटी बाभळीच्या नाहीतर पेरूच्या फांदीची. कोयत्याने दोन्ही टोके तासायची, आणि ते तासताना बोट कापले की घरी सांगायचे नाही, हा पहिला नियम. जमिनीत लांबट गल खणायची, तिच्यावर विटी आडवी ठेवायची आणि दांडूने कोलायची. झेलली गेली तर बाद. नाही गेली तर पुढे टोल्यांची मजा.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. आपल्या खेळांत ज्याने इतरांना पकडायचे, शोधायचे, धावून धावून दमायचे, त्याच्यावर ‘राज्य’ येते. लपंडावात राज्य, शिवाशिवीत राज्य. बघा, ज्याच्यावर राज्य आले तो बिचारा रडकुंडीला आलेला असतो आणि बाकीचे मजेत असतात! राज्य म्हणजे भोग नव्हे, ते अंगावर येणारे ओझे आहे, ही गोष्ट मराठी मुलाला राज्यशास्त्राच्या वर्गात बसण्याच्या कितीतरी आधी कळलेली असते.

असो. विटीदांडू किती जुना? मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकात आपण वाचतो की कौरव-पांडवांचा चेंडू विहिरीत पडला आणि द्रोणाचार्यांनी तो गवताच्या काड्यांनी बाहेर काढला. महाभारताच्या आदिपर्वात तिथे शब्द ‘चेंडू’ नाही. शब्द आहे ‘वीटा’. हस्तिनापुराबाहेर राजपुत्र वीटा खेळत होते, ती कोरड्या विहिरीत पडली. द्रोणांनी एक काडी वीटेत रुतवली, तिच्यात दुसरी, दुसरीत तिसरी, आणि ती वर ओढून घेतली.

आता ही वीटा म्हणजे काय? महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिणारे नीलकंठ चतुर्धर तिथे खुलासा करतात : जवाच्या आकाराचा, वीतभर लांबीचा लाकडाचा तुकडा, जो मुले हातभर दांड्याने उडवतात. म्हणजे आपली विटीच की! हे नीलकंठ सतराव्या शतकातले. राहायचे काशीला, पण घराणे गोदाकाठच्या कोपरगावचे. म्हणजे आपलेच.

इथे सावध राहायला हवे. आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणते, पाहा, विटीदांडू महाभारतकालीन! नीलकंठांच्या खुलाशाने ते सिद्ध होत नाही. प्राचीन ग्रंथातला एक शब्द त्यांनी आपल्या काळच्या खेळावरून समजावून सांगितला, एवढेच. पण त्यावरून दुसरी एक गोष्ट मात्र पक्की होते. सतराव्या शतकात हा खेळ इतका घरोघरचा होता की, संस्कृत टीकाकाराला तो वाचकाला सहज सांगता आला. आणि त्याच शतकातला दुसरा साक्षीदार आपल्याकडे आहे. तुकोबांच्या गाथेत विटूदांडूवर अभंग आहेत, चेंडूफळीवर आहेत, फुगडीवर आहेत. काशीतला पंडित आणि देहूचा वाणी, दोघांच्याही तोंडी तोच खेळ. इतिहासाला यापेक्षा चांगली साक्ष क्वचित मिळते.

हे झाले ग्रंथांचे. आता मी ज्या दस्तऐवजासाठी हे व्याख्यान घेतले, तो कुठल्याही ग्रंथालयात ठेवलेला नव्हता. तो आमच्या जिभेवर होता.

टोला मारल्यावर विटी जिथे पडेल तिथून गलीपर्यंतचे अंतर दांडूने मोजायचे. पण एक, दोन, तीन असे नाही मोजायचे. मोजायचे वकट, लेंड, मूंड, नाल... आणि शेवटी मोजणी ज्या शब्दावर थांबेल, त्यावरून पुढचा टोला कसा मारायचा ते ठरायचे. एका शब्दाला विटी पायाच्या चवड्यावर ठेवून उडवायची, एकाला मुठीवर, एकाला डोळ्यावर. ठिकठिकाणी यात फरक असतो. पण पहिले चार शब्द तुमच्यापैकी ज्यांचे केस पांढरे झालेत त्यांना नक्की आठवतील. मघाशी मी वकट म्हटल्याबरोबर तिसऱ्या रांगेतून लेंड ऐकू आले!

हे शब्द कुठले? मी लहानपणी समजायचो की ते असेच आहेत, अर्थ नसलेले, अडगुलं मडगुलंसारखे. पुढे कॉलेजात एक तेलुगू सहकारी होते. एकदा ते चहाचे पैसे मोजत होते : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. माझ्या हातातला कप तसाच राहिला. ओकटि म्हणजे वकट. रेंडु म्हणजे लेंड. मूडु म्हणजे मूंड. नालुगु म्हणजे नाल. कृष्णाकाठची मराठी पोरे पिढ्यान्‌पिढ्या तेलुगूत मोजत होती, आणि त्यांतल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता!

हे झाले कसे? वाटा अनेक संभवतात. मराठवाडा आणि तेलंगण तर 1948 पर्यंत एकाच निजामी राज्यात होते. सोलापुरात तेलुगू विणकरांची मोठी वस्ती आहे, मुंबईतले कामाठीपुरा हे नावच तेलंगणातून आलेल्या कामाठ्यांवरून पडले. गावोगाव दगड फोडणारा वडार समाज घरात तेलुगूच्या वळणाची बोली बोलतो. यांतली नेमकी कुठली वाट, हे सांगता येत नाही, कदाचित याहून जुनी एखादी असेल. पण एक गोष्ट तर्काने सांगता येते. हे आकडे कोणा अनुवादकाने आणलेले नाहीत, कोणा राजाने फर्मान काढून लादलेले नाहीत. कधीतरी, कुठेतरी दोन भाषांची मुले एका गलीभोवती उभी होती आणि एकाने दुसऱ्याची मोजणी उचलली, त्याशिवाय हे घडणार नाही. इरावती कर्वे यांनी 1953 सालच्या आपल्या ग्रंथात दाखवले की, नातेसंबंधांच्या बाबतीत महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावर उभा आहे. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे चालते, उत्तरेत चालत नाही. तो सांधा लग्नाच्या मांडवात दिसतो, तसा तो विटीदांडूच्या मैदानातही ऐकू येतो.

आता माझी फजिती सांगतो. या व्याख्यानाची टिपणे काढायला बसलो, वकट, लेंड, मूंड, नाल लिहिले आणि पुढे अडलो. पुढचे शब्द आठवेनात! सात शब्द होते हे नक्की. शेवटी अक्काला फोन लावला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आता ब्याऐंशी वर्षांची. विचारले, “अक्का, नालच्या पुढे काय गं?”

क्षणभरही न थांबता ती म्हणाली, “आर, वेद, झकू. विसरलास होय? अरे, मीच तर मोजायची.”

मी म्हटले, “तू कुठे खेळायचीस?”

“खेळायची नाहीच. ओट्यावर बसून मोजायची. तुम्ही सगळे मोजण्यात लबाड्या करायचात, म्हणून मोजणी माझ्याकडे. आजी म्हणायची, मुलींनी विटीदांडू खेळू नये, डोळ्याला लागेल. डोळे काय फक्त मुलींनाच असतात?”

मित्रहो, माझ्या आठवणीतल्या त्या चित्रात गल आहे, बाभळीची विटी आहे, संध्याकाळचे ऊन आहे, माझे मित्र आहेत. ओटा आहे, पण त्यावर अक्का नाही. साठ-पासष्ट वर्षे मी ती आठवण मोठ्या प्रेमाने जपली, आणि जिने सगळा हिशेब ठेवला तिला त्यातून वगळून टाकले. दांडू माझ्या हातात होता, म्हणून खेळ माझा, अशी माझी समजूत होती. तिच्या वाट्याला सागरगोटे आले होते. तेही सोळाव्या वर्षी लग्न झाले तेव्हा तिने रुमालात बांधून सासरी नेले, आणि तिथे ते कधी सोडायला मिळाले नाहीत, हेही मला त्याच फोनवर कळले.

मग ती आणखी एक बोलली. “आणि घाटावर सगळी मुलं एकत्र खेळायची, असं तू भाषणात सांगतोस ना? सगळी नव्हती हं. वेशीबाहेरची पोरं लांब उभी राहून बघायची. विटी त्यांच्याकडे गेली तर ती ते परत फेकायचे, तेवढाच त्यांचा खेळ.” मी गप्प झालो. कारण तिने सांगताच मला ती मुले दिसली. ती आठवणीत होती, पण मी तिकडे कधी बघितले नव्हते.

आता अक्काने दिलेले शब्द बघा. तेलुगूत पाच म्हणजे ऐदु, सहा आरु, सात एडु. आपल्या मोजणीत नालनंतर थेट आर येतो. म्हणजे पाचाचा आकडा वाटेत कुठेतरी गळून पडला, सहाचा शब्द पाचव्या जागी सरकला, सातचा एडु ‘वेद’ होऊन सहाव्या जागी बसला. सातवी जागा रिकामी राहिली. तिथे झकू येऊन बसला. तो मात्र कुठल्याच आकड्याशी जुळत नाही. नाणे हातोहात फिरून झिजते, पण झिजलेल्या नाण्यावरही टाकसाळ ओळखता येते, तसे हे आहे. दुसऱ्या गावच्या मोजणीत आणखी वेगळे शब्द येतील. ते चूक नव्हेत. तो त्या त्या गावचा झिजण्याचा इतिहास आहे.

आणि हा इतिहास टिकला कशामुळे? कोणी टिकवायला गेले नाही म्हणून. खो-खोचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये बांधले. हुतुतूची कबड्डी झाली, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिची प्रात्यक्षिके करून दाखवली. त्यामुळे ते खेळ जगले, मोठे झाले, मुलीही ते खेळू लागल्या, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण नियम छापले की मैदान सगळीकडे एका मापाचे होते आणि गावागावांतले फरक पुसले जातात. विटीदांडूला तशी प्रतिष्ठा लाभली नाही, म्हणून त्याच्या पोटात तेलुगू आकडे शिल्लक राहिले. आता मात्र तो खेळणारेच उरले नाहीत. म्हणजे जे बदलले ते जगले, आणि जे बदलले नाही ते आमच्याबरोबर जाईल. यावर माझ्याजवळ सोपा उपाय नाही.

विटगेनश्टाइन या तत्त्वज्ञाने आपल्या 1953 साली निघालेल्या ग्रंथात विचारले आहे की, ज्यांना आपण ‘खेळ’ म्हणतो त्या सगळ्यांत समान असे काय आहे? त्याचे सांगणे असे की, समान काहीतरी असलेच पाहिजे असे गृहीत धरू नका, आधी नीट बघा. मी हे वाक्य तीस वर्षे वर्गात समजावून सांगितले. पण नीट बघणे म्हणजे मैदानाच्या कडेलाही बघणे, ओट्यावर आणि वेशीपाशीही बघणे, हे मला अक्काच्या फोनने शिकवले.

तेव्हा एक विनंती करतो आणि थांबतो. आज घरी गेल्यावर तुमच्या घरातल्या सगळ्यांत वृद्ध माणसाला विचारा, नालच्या पुढे काय? आजोबांना विचाराच, पण आजीला आधी विचारा. आणि जे सांगतील ते जसेच्या तसे लिहून ठेवा, गावाच्या नावासकट. वेगळे आले तर दुरुस्त करू नका. त्या वेळी खेळत कोण होते, बघत कोण उभे होते, तेही विचारा. उत्तर ऐकून कदाचित तुमची एखादी गोड आठवण थोडी कडू होईल. होऊ द्या.

अक्काला मी फोन ठेवताना म्हटले, या वेळी घरी येशील तेव्हा अंगणात गल खणतो, पहिला टोला तुझा. ती म्हणाली, “आता गुडघे कुठले वाकायला! तू मार, मी मोजते. पण लबाडी करायची नाही.”