एका संस्कृतीच्या दोन तारखा: कार्बन-१४ च्या अर्धायुष्याची गोष्ट

१/ कार्बन-१४ चे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे आहे. विलर्ड लिबी यांनी शिकागो येथे या पद्धतीने पहिल्या तारखा काढल्या, त्या १९४९ मध्ये. मग हजारो वर्षांचा हा काळ मोजला कसा?

२/ त्यासाठी वाट पाहावी लागत नाही. नमुन्यात अणू किती आणि मिनिटाला त्यांतील किती विघटित होतात, हे कळले की अर्धायुष्य गणिताने मिळते. सजीवांतील एक ग्रॅम कार्बनमध्ये कार्बन-१४ चे सुमारे ६,००० कोटी अणू असतात. मिनिटाला त्यांतील जेमतेम १४ विघटित होतात.

३/ प्रत्यक्ष मोजणीसाठी कार्बन-१४ चे प्रमाण मुद्दाम वाढवलेला वायू वापरत. अणूंचे प्रमाण मास स्पेक्ट्रोमीटरने ठरे, विघटने गणकयंत्राने मोजली जात. परंतु गणकाच्या भिंतीलगतची आणि टोकांकडची काही विघटने नोंदीतून निसटत. त्यांचा हिशेब चुकला की अर्धायुष्यही चुके.

४/ लिबी यांनी तत्कालीन मोजमापांच्या सरासरीवरून ५,५६८ वर्षे हा आकडा स्वीकारला. १९६२ च्या केंब्रिज परिषदेत ५,७३० ± ४० हा आकडा अधिक अचूक ठरला. फरक सुमारे ३ टक्क्यांचा. म्हणजे ४,००० वर्षांमागे सुमारे ११६ वर्षांचा.

५/ तरीही प्रयोगशाळांनी तारखा जुन्याच आकड्याने द्याव्यात, असे ठरले. प्रसिद्ध झालेल्या तारखांशी नव्या तारखांची तुलना होणे आवश्यक होते.

६/ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० च्या दशकात कालीबंगन, लोथल अशा हडप्पाकालीन स्थळांच्या तारखा काढल्या. तिच्या याद्यांत दोन्ही अर्धायुष्यांनुसार तारखा दिलेल्या आढळतात. एका स्थळाची तारीख एका आकड्यावरून व दुसऱ्याची दुसऱ्यावरून घेतली, तर कधीच नसलेले शतकभराचे अंतर इतिहासात शिरते.

७/ आज वृक्षवलयांच्या आधारे या तारखा दुरुस्त करतात. वलयांचे वय मोजून ठाऊक असते आणि त्यांची कार्बन तारीखही ५,५६८ नेच काढलेली असते. त्यामुळे अर्धायुष्यातील चूक आपोआप वजा होते. मात्र आधीच ५,७३० ने वाढवलेली तारीख या आलेखावर ठेवली, तर तीच दुरुस्ती दोनदा होते.

८/ म्हणून जुना उत्खनन अहवाल वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात: अर्धायुष्य कोणते, वृक्षवलयांनुसार दुरुस्ती झाली आहे का आणि ‘आजपूर्वी’ची वर्षे इ.स. १९५० पासून मागे मोजली आहेत का. त्यानंतरच दोन स्थळांत आधीचे कोणते, हे ठरवावे.