एमआरआय स्कॅनवरचं नाव पुसलं, तरी ओळख पटू शकते का? मेंदूचा डेटा शेअर कसा होतो, सोप्या शब्दांत

डोक्याचा एमआरआय काढला की रिपोर्टसोबत फिल्म किंवा सीडी हातात पडते. समजा, त्यावरचं तुमचं नाव आणि जन्मतारीख पुसली. आता तो स्कॅन कोणाचा आहे, हे कोणाला कळेल का?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. त्यांनी ८४ स्वयंसेवकांचे एमआरआय आणि चेहऱ्याचे फोटो घेतले. स्कॅनमधल्या माहितीवरून संगणकावर चेहरा तयार केला आणि सहज उपलब्ध असलेल्या फेस रेकग्निशन सॉफ्टवेअरला जोड्या लावायला सांगितलं. ८४ पैकी ७० जणांच्या बाबतीत, म्हणजे ८३ टक्के वेळा, सॉफ्टवेअरची पहिली निवडच बरोबर निघाली. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

याचं कारण साधं आहे. एमआरआयमध्ये मेंदूसोबत नाक, कपाळ, कान आणि डोळ्यांच्या खोबणीही टिपल्या जातात.

मग डेटा शेअर करायचाच कशाला?

कारण एकेकट्या प्रयोगशाळेकडे पुरेसे स्कॅन नसतात. एमआरआय महागडा असल्याने मेंदूवरचे अनेक अभ्यास २०-२५ जणांवरच होत आले. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात सुमारे ५०,००० जणांचा डेटा तपासला गेला. मेंदूची रचना आणि माणसाची वागणूक किंवा बुद्धी यांचा संबंध खात्रीने सांगायचा, तर हजारो लोकांचे स्कॅन लागतात, असं त्यातून दिसलं. असा हजारोंचा डेटा हाती आला, तोही मोठ्या प्रकल्पांनी आपले स्कॅन इतर संशोधकांना उपलब्ध करून दिल्यामुळे.

दुसरं कारण म्हणजे पडताळणी. २०२० मध्ये ७० टीम्सना एकच डेटा आणि तेच नऊ प्रश्न देण्यात आले. कोणत्याही दोन टीम्सची विश्लेषणाची पद्धत अगदी सारखी नव्हती आणि काही प्रश्नांवर उत्तरंही वेगवेगळी आली. मूळ डेटा कपाटात बंद राहिला असता, तर हा फरक कधी कळलाच नसता.

'खुला' म्हणजे किती खुला?

याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

१. सर्वांसाठी खुला: 'ओपनन्यूरो'वरचा डेटा कोणीही डाउनलोड करू शकतं. तिथे स्कॅन टाकण्याआधी त्यातला चेहरा काढून टाकणं अपेक्षित असतं. याला 'डीफेसिंग' म्हणतात.

२. अर्ज करून मिळणारा: अल्झायमर्सवरचा 'एडीएनआय' प्रकल्प किंवा ५ लाख लोकांची माहिती असलेली 'यूके बायोबँक' यांचा डेटा हवा असेल, तर संशोधकाला अर्ज करावा लागतो. सहभागींची ओळख शोधणार नाही, हेही मान्य करावं लागतं.

३. डेटा जागेवर, फक्त निष्कर्ष बाहेर: 'एनिग्मा' या जागतिक गटाच्या अनेक अभ्यासांत प्रत्येक केंद्र आपल्याकडचे स्कॅन स्वतःच तपासतं आणि फक्त आकडेवारी पुढे पाठवतं.

चेहरा काढला की काम झालं?

पूर्णपणे नाही. चेहरा काढताना जास्त भाग कापला गेला, तर मेंदूचं मोजमाप बिघडू शकतं. शिवाय वय, गाव आणि एखादा दुर्मीळ आजार एवढी माहिती एकत्र आली, तरी माणूस ओळखता येऊ शकतो. म्हणून स्कॅनसोबत कोणती माहिती द्यायची, हा निर्णयही तितकाच महत्त्वाचा असतो.

भारतात काय?

आयआयटी मद्रासच्या मेंदू संशोधन केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये 'धरणी' हा गर्भाच्या मेंदूचा थ्रीडी नकाशा जगासाठी मोफत खुला केला. त्यात मेंदूच्या ५,१३२ छेदांची चित्रं आहेत.

नियमांचं बोलायचं, तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात सहभागी होणाऱ्याची समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण तिला अटी आहेत. ठरवून दिलेले निकष पाळावे लागतात आणि त्या डेटाच्या आधारे कोणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घेता येत नाही.

सही करण्याआधी हे विचारा

तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला अशा संशोधनात सहभागी व्हायला सांगितलं, तर चार प्रश्न नक्की विचारा:

- माझा स्कॅन या संस्थेबाहेर कोणाकोणाला मिळेल?
- त्यातून चेहरा काढला जाईल का?
- स्कॅनसोबत माझी आणखी कोणती माहिती जाईल?
- नंतर मला माघार घ्यायची असेल, तर काय होईल?

शेवटचा प्रश्न विसरू नका. पुढचं शेअरिंग थांबवता येतं, पण ज्यांनी डेटा आधीच डाउनलोड केला आहे, त्यांच्या संगणकातून तो परत आणणं जवळपास अशक्य असतं.