छायालेखनाचा अभ्यास व एका पत्राची पाठ

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत घरोघर जीं जुनीं दप्तरें अद्याप शिल्लक आहेत, त्यांतील कागदांच्या नकला हातानें उतरून घेण्याचें काम आम्हीं शाळेची नोकरी सांभाळून पुष्कळ वर्षें केलें. २०१७ सालीं सेवानिवृत्त झाल्यावर तेंच काम कॅमेऱ्यानें करावें असें मनांत येऊन आम्हीं अठ्ठावन्नाव्या वर्षीं छायालेखनाचा ओनामा गिरविला. या अभ्यासांत आमच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें एका पत्राचा कालनिर्णय अडून राहिला आहे, व दुसऱ्या एका चुकीमुळेंच तो निम्मा सुटला आहे. सबब हा मजकूर संग्राहकांपुढें ठेवीत आहों.

या विद्येचा आमच्या प्रांताशीं संबंध कसा आला, तें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. दागेर याची कृति पॅरिस येथें १९ ऑगस्ट १८३९ रोजीं जाहीर झाली, आणि त्यानंतर महिना लोटण्यापूर्वींच साताऱ्यास छत्रपति प्रतापसिंह पदच्युत झाले. ते १८४७ सालीं काशीस वारले. त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ सालीं निवर्तले व राज्य खालसा झालें. इकडे सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, आणि त्यांचे आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धन १८५१ सालीं वारले. आर्चर यानें ओल्या कलोडियनची रीत प्रसिद्ध केली तें वर्षही हेंच. तात्पर्य, ज्या पुरुषांचीं मुखें पाहण्याची आम्हांस आज सर्वांत अधिक उत्कंठा, ते ही विद्या इकडे रुळण्यापूर्वींच गेले.

मुंबईंत छायालेखकांची मंडळी १८५४ सालीं स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या विषयाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी त्या मंडळीचे सभासद होते, आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी तर स्वतः निष्णात छायालेखक होते. शिलालेख वाचणारा एक भाऊ व छायाचित्रें घेणारा दुसरा भाऊ एकाच घरांत नांदावे, ही गोष्ट आमच्या विषयास फारच अनुकूल आहे. त्याच सुमारास, १८५५ मध्यें, बिग्ज नांवाच्या लष्करी अधिकाऱ्याची मुंबई इलाख्यांतील प्राचीन इमारतींचीं छायाचित्रें घेण्याच्या कामीं नेमणूक झाली व त्यानें विजापूर, बदामी, ऐहोळे येथें काम केलें.

या आद्य विद्यार्थ्यांचे कष्ट आजच्या नवशिक्यास कल्पनेनेंच जाणावे लागतात. कांचेवर कलोडियन ओतावयाचें, ती रौप्यक्षाराच्या द्रवांत बुडवावयाची, ओली असतांच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि वाळण्यापूर्वीं अंधारांत धुवून चित्र उमटवावयाचें. हा सर्व खटाटोप दहापंधरा मिनिटांत उरकला नाहीं, तर कांच वायां. शिवाय बोटें काळीं पडत तीं निराळींच. आम्हांस ह्यांतील कांहींच करावें लागलें नाहीं; किंबहुना तेंच आमच्या नाशाचें कारण झालें. ज्याची एक कांच फुकट जाते तो दुसरी घालण्यापूर्वीं विचार करतो. आम्हीं पहिल्या महिन्यांत दोन हजार चित्रें घेतलीं आणि विचार एकदांही केला नाहीं.

आमचे गुरु म्हणजे आमच्याच हाताखालीं आठवीस 'रामः रामौ रामाः' घोकलेला एक विद्यार्थी. साताऱ्यांत त्याचा स्टुडिओ आहे. पहिल्या दिवशीं आम्हीं क्षेत्र माहुलीच्या देवळांचीं चित्रें मोठ्या हौसेनें दाखविलीं. भर दुपारीं घेतलेलीं तीं चित्रें. आकाश पांढरें फटक आणि दगड काळा ठिक्कर. तो म्हणाला, "सर, तुम्हीं देऊळ पाहिलंत, उजेड पाहिला नाहींत." आम्हीं त्यास व्याकरणांत असेंच कांहीं बोलत असूं, तें आठवून मुकाट्यानें ऐकून घेतलें. भिंगाचें छिद्र, झडपेचा वेग व ग्राहकाची संवेदना हीं तीन परस्परांशीं बांधलेलीं आहेत, एक वाढविलें कीं दुसरें घटवावें लागतें, हें त्यानें समजाविलें आणि आम्हीं तें सूत्ररूपानें वहींत लिहून घेतलें. सूत्र पाठ झालें. हात मात्र थरथरतच राहिला. मंद उजेडांत पंधरांश सेकंद झडप उघडी ठेवावी तर मोडीची अखंड रेघ दुहेरी दिसे. अखेर तिपाई घेतली.

शिलालेखास सकाळचा किंवा सायंकाळचा तिरपा प्रकाश पाहिजे, म्हणजे अक्षरांच्या खोलींत सावली पडते. कागदास उलट दोन्ही बाजूंनीं सारखा व सौम्य प्रकाश पाहिजे. जुना कागद घोटून गुळगुळीत केलेला असतो, त्यावर झगमगाटी दिवा मारल्यास मधोमध पांढरा डाग पडून नेमका महत्त्वाचा शब्द जातो. कॅमेरा कागदाशीं समांतर नसला तर वरच्या ओळी मोठ्या व खालच्या लहान येतात. यासाठीं आम्हीं एका गवंड्याकडून ओळंबा मागून आणला व तो तिपाईस टांगला. हा उपाय आमचा स्वतःचा असून त्याचा आम्हांस अद्याप थोडा अभिमान आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. जानेवारी २०१९ मध्यें सांगलींत कृष्णाकांठच्या एका गृहस्थांनीं आपल्या घरांतील एक रुमाल आम्हांस पाहूं दिला. आंत एकंदर ६३ कागद होते. बहुतेक पटवर्धनांच्या पदरीं असलेल्या एका कारकुनी घराण्याचीं खासगी पत्रें. मिरजेस संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. त्या थोर शिक्षकाच्या मागून त्याच मुलखांत आपणही एक रुमाल सोडीत आहों, या विचारानें आम्ही हुरळून गेलों होतों. एका दिवसांत ४१ कागदांचीं चित्रें घेतलीं व उरलेले उन्हाळ्यानंतर घेऊं म्हणून परत आलों. घरीं येऊन पाहतों तों नऊ चित्रें अस्पष्ट. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, आम्हीं प्रत्येक कागदाची पुढची बाजूच घेतली होती.

जाणत्यांस याचा अर्थ सांगणें नको. खासगी पत्रांत लिहिणारा बहुधा चंद्र व महिना देतो, सन देत नाहीं. पत्र पोंचल्यावर घेणारा 'पै॥ छ' असा पोंचल्याचा शेरा मारतो, व त्यांत पुष्कळदां सन येतो. हा शेरा बहुशः पाठीवर असतो. बोरूनें नक्कल करीत असतां आम्हीं कधींही पाठ उलटल्यावांचून कागद खालीं ठेवला नाहीं. हातांत कॅमेरा येतांच तीस वर्षांची संवय सुटली. नवी विद्या जुनीस कशी गिळते, याचा हा अनुभव आम्हांस फार झोंबला.

ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेस महापूर आला. आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. त्या घरांत २००५ च्या पुराची खूण भिंतीवर जपलेली होती आणि रुमाल तिच्याहून हातभर उंच फळीवर ठेवलेला होता. यंदा पाणी त्या फळीच्याही वर चढलें. निरोप मिळतांच आम्ही गेलों. काजळाची शाई पाण्यास दाद देत नाहीं, पण आठ दिवस भिजलेला कागद एकजीव होऊन त्याचा लगदा झाला होता. सावलींत टिपकागद घालून उलगडण्याचा यत्न केला. आठ कागद कसेबसे सुटले. मालकांनीं आम्हांस एक शब्दही बोल लाविला नाहीं. उलट, "तुमच्याकडे तरी आहेत ना?" असें त्यांनीं विचारलें. त्या प्रश्नास काय उत्तर द्यावें हें आम्हांस तेव्हांही सुचलें नाहीं.

नष्ट झालेल्या कागदांपैकीं एक पत्र लष्करांतून घरीं लिहिलेलें होतें. तारीख छ १७ रजब, सन नाहीं. किल्ल्यास मोर्चे लागले आहेत, दाणावैरण महाग, दोन बैल पाठवावे, एवढाच मजकूर. किल्ल्याचें नांव नाहीं. पटवर्धन एकाच किल्ल्याखालीं बसले असते तर प्रश्न नव्हता! तथापि या पत्राचें आमच्याकडे दुसरेंही एक चित्र निघालें. त्या दिवशीं उजेड कमी पडला म्हणून आम्हीं तीन कागद खिडकीशीं उभे धरून पाहिले होते. प्रकाश मागून आल्यामुळें अक्षरें काळवंडलीं, म्हणून तीं चित्रें आम्हीं निकामी समजून टाकणार होतों; आळसानें टाकलीं नाहींत. पातळ कागदांतून पाठीवरील शाई त्यांत उलटी दिसते. गेल्या वर्षीं आमच्या त्या विद्यार्थ्यानें संगणकावर चित्र आरशाप्रमाणें फिरविलें व काळेपांढरें तीव्र केलें, तेव्हां शेऱ्यांतील 'इहिदे तिसैन' हीं अक्षरें आम्हीं दोघांनींही निरनिराळीं वाचलीं व जुळलीं.

इहिदे तिसैन म्हणजे सुहूर ११९१, इसवी १७९०-९१. त्या वर्षीं परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडास वेढा घालून बसले होते आणि किल्ला एप्रिल १७९१ च्या आरंभीं हस्तगत झाला. १७ रजब हा सुमारें २२ मार्चचा दिवस येतो, एखाद्या दिवसाचा फरक धरावा. तेव्हां पत्र धारवाडच्या मोर्च्यांतील आहे यांत आम्हांस संशय वाटत नाहीं. अडचण उरली आहे ती पोंचल्याच्या दिवसाची. शेऱ्यांतील आंकडा २१ कीं २९ हें पुढील बाजूच्या एका ओळीच्या फराट्यामुळें ठरत नाहीं. २१ असेल तर पत्र चार दिवसांत घरीं आलें, म्हणजे कारकुनाचें खासगी पत्र सरदारी जासुदांच्या डाकेंतून गेलें असें मानावें लागेल. २९ असेल तर कोणी वाटसरूनें सवडीनें आणून दिलें असावें आणि तें पोंचलें तेव्हां किल्ला पडला होता किंवा पडण्याच्या बेतांत होता. आमचा कल २१ कडे आहे. आमच्या गुरूचा २९ कडे. त्यास मोडी येऊन दोनच वर्षें झालीं आहेत, पण उजेड त्यास अधिक कळतो.

इतर दोन उभ्या धरलेल्या चित्रांत पाठी कोऱ्या आहेत. तिन्ही चित्रें मूळ स्वरूपांत व फिरविलेल्या स्वरूपांत आमच्यापाशीं असून ज्यांस पाहावयाचीं असतील त्यांनीं खुशाल यावें. येतांना मोठें भिंग आणावें. आमचें माहुलीस नदींत पडलें.