वेळेचा रकाना

दांडिया बाजारातल्या एका जुन्या मराठी घरातून आमच्या मंडळाकडे एक वही आली. घरातले आजोबा रोज थर्मामीटर बघून आकडा लिहून ठेवत, आणि तेही वर्षानुवर्षे. असली वही हाती पडणे म्हणजे लॉटरीच. आम्ही दोघा-तिघांनी बसून ती संगणकावर उतरवली, मी आलेख काढला आणि प्रदर्शनात लावला. एका ठिकाणी रेघ एकदम तीन-चार अंशांनी वर गेली होती आणि मग वरच राहिली होती. मी खाली मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘बडोदे तापले’.

दुसऱ्या दिवशी त्याच घरातल्या सूनबाई आल्या. थोडा वेळ आलेख बघून म्हणाल्या, "अहो काका, बडोदे कसले तापतेय! आजोबा रिटायर झाले तेव्हापासूनचं हे. आधी आठला ऑफिसला निघताना बघायचे. नंतर फिरणं, पूजा, सगळं उरकून दहाला."

वही उघडली. डाव्या कडेला बारीक अक्षरांत एक रकाना होता, ८, ८, ८, आणि मग १०, १०, १०. टाइप करताना आम्ही तो गाळला होता. ‘वेळ काय करायचीय, तारीख आहे ना’, हे माझेच शब्द. आयुष्यभर इंजिनिअरिंग केलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी याची लाज वाटली, कारण साइटवर मी हे रोज पाळत होतो. तीस मीटरची पोलादी टेप वीस अंशांनी तापली की जवळजवळ सात मिलिमीटर वाढते, म्हणून लांबी सकाळी मोजायची. लेव्हलिंगही दुपारी टाळायचे, कारण जमिनीलगतची हवा थरथरते आणि पट्टीवरचे आकडे नाचतात. गंमत म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेवाले डोंगरांची उंची काढताना उभे कोन मुद्दाम दुपारीच घेत, कारण हवेतून येणारा किरण जितका वाकतो ते वाकणे त्या वेळी सर्वांत कमी आणि स्थिर असते. म्हणजे ‘चांगली वेळ’ अशी एकच नसते. काय मोजायचे आहे त्यावर ती ठरते.

ही चूक फक्त आमची नव्हे. अमेरिकेत हजारो हौशी निरीक्षक रोजचे कमाल-किमान तापमान नोंदवत. विसाव्या शतकात त्यांतल्या पुष्कळांची वाचनाची वेळ संध्याकाळवरून सकाळवर गेली आणि सरासऱ्या खोट्याच थंड दिसू लागल्या. तो फरक काढून टाकायला शास्त्रज्ञांना वेगळे गणित बसवावे लागले. आपल्याकडचे उदाहरण तर सगळ्यांना आठवत असेल. मुंबईचा २६ जुलै २००५ चा पाऊस, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे हा आकडा २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा आहे. वर्तमानपत्राची २६ आणि खात्याची २७, दोन्ही खऱ्या.

पण वेळेचा रकाना किती मोलाचा असतो हे पाहायचे तर कुलाब्याला जायला हवे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तिथे वेधशाळा उभारली, मुख्यतः ताऱ्यांचे वेध आणि अचूक वेळ यांसाठी. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. आपले केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत ऑर्लेबार यांच्या हाताखाली काम करत. छत्रे मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. अलिबाग लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

होकायंत्राची सुई दिवसभर एकाच दिशेला नसते, हे लंडनच्या जॉर्ज ग्रॅहॅम या घड्याळजीने १७२२ मध्येच पाहिले होते. सकाळी ती किंचित पूर्वेकडे झुकते, दुपारी पश्चिमेकडे, रात्री जवळपास स्वस्थ. घड्याळजीलाच हे दिसावे यात मला नवल वाटत नाही. कारण कळायला मात्र दीडशेहून जास्त वर्षे गेली. हवेच्या वरच्या थरांत विजेचे प्रवाह वाहत असावेत, असे बाल्फोर स्ट्युअर्टने १८८२ मध्ये सुचवले. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा ते जोरात असतात आणि रात्री मंदावतात. म्हणून ताशी नोंद हवी, रात्रीचीही. कुलाब्याला रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडात मोजपट्टीवर नजर लावून आकडा लिहिणारा कोणी तरी असेच.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर पांढरा झगझगीत प्रकाश पाहिला. एक दिवसही उलटला नव्हता आणि २ तारखेला जगभर सुया वेड्यासारख्या हलू लागल्या, तारायंत्रे बिघडली. युरोपातल्या बऱ्याच वेधशाळांत फोटोचा कागद वापरत, त्यावर रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्याला त्या काळी डोळ्यांनी वाचन होत होते. गडबड दिसताच तिथल्या माणसांनी तासाची वाट न पाहता काही-काही मिनिटांनी आकडे लिहायला सुरुवात केली. सकाळी अकरानंतर आडवे चुंबकीय बल साधारण १६०० नॅनोटेस्लाने खाली गेलेले त्या नोंदीत दिसते. शांत दिवसाचा चढउतार तिथे काही दशक नॅनोटेस्लांचा असतो, यावरून अंदाज करा.

२००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याच्या त्या नोंदी पुन्हा जगापुढे मांडल्या. तेव्हापासून एक वाद चालू आहे आणि तो वेळेच्याच रकान्याचा आहे. ती घसरण अगदी थोडा वेळ टिकली, आणि त्या वेळी मुंबईत सूर्य जवळजवळ डोक्यावर होता. मग हा आकडा सगळ्या पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रवाहाचा, की भर दिवसा त्या बाजूला वरून गेलेल्या दुसऱ्याच प्रवाहाचा? तासाची सरासरी घेतली की आकडा बराच लहान होतो. आज असे वादळ आले तर उपग्रह आणि वीजवाहिन्या किती टिकतील याचा हिशोब मांडणारे अजून १८५९ च्या त्या सकाळकडे वळतात. नुसती तारीख लिहिली असती तर प्रश्नही विचारता आला नसता.

मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले तेव्हा संचालक होते नानाभाई मूस, या पदावरचे पहिले भारतीय. रुळांतून परत जाणारी वीज सुयांना हलवणार, आणि गाड्या धावतात दिवसा. म्हणजे सूर्याच्या दैनंदिन चढउतारावर ट्रामच्या वेळापत्रकाचा थर चढणार. मूस यांनी अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली, त्यासाठी लोहांश नसलेला पोरबंदरचा दगड वापरला. माझ्या मते त्यांचे खरे शहाणपण पुढे आहे. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नवीला सांधता येईल. ट्राम आली ७ मे १९०७ ला. आजोबांनी काही दिवस आठलाही आणि दहालाही थर्मामीटर बघितले असते तर माझे काम किती सोपे झाले असते!

आता आमची वही. रकाना परत टाइप झाला आहे, पण एक गाठ उरली. हे ८ कुठल्या घड्याळाचे? जुन्या काळी गावाची स्थानिक वेळ वेगळी, रेल्वेची मद्रास वेळ वेगळी. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तरी मुंबई स्वतःची वेळ पुढे कितीतरी वर्षे कवटाळून होती. बडोद्याचा सूर्य प्रमाणवेळेच्या सरासरी ३७ मिनिटे मागे चालतो. सूर्याची मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून २१ मिनिटांच्या आसपास होते, फेब्रुवारीच्या मध्यावर १२:५१ ला. सकाळी तापमान भराभर चढते तेव्हा अर्धा तास म्हणजे सहज एखादा अंश.

सूनबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, दिवाणखान्यातले लंबकाचे घड्याळ, आणि ते नेहमी दहा मिनिटे पुढे असायचे, आजोबांना उशीर आवडत नसे म्हणून. मी वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने तसे लिहून ठेवले आहे. आलेख प्रदर्शनातून काढला.