इन्स्टॉलर, कार्यप्रणालीचा

संगणकाच्या यंत्रसामग्रीचे नियंत्रण करणारी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, यंत्रावर बसविण्याच्या क्रियेस प्रस्थापन व ती क्रिया वापरणाऱ्याच्या वतीने पार पाडणाऱ्या कार्यक्रमास इन्स्टॉलर म्हणतात. डिस्कचे विभाग पाडणे, त्यांवर फाईल-व्यवस्था निर्माण करणे, मूळ फाईली उतरविणे आणि यंत्र सुरू होताच कार्यप्रणाली स्मृतीत आणणारा बूटलोडर बसविणे, हे तिचे मुख्य टप्पे होत. हे टप्पे इन्स्टॉलरमार्फतच पार पाडावेत, की इन्स्टॉलर ऐच्छिक असावा, या वादाचा इतिहास लिनक्सच्या विकासात विशेष स्पष्टपणे आढळतो.

लायनस टोरव्हाल्ड्स यांनी 1991 मध्ये हेलसिंकी येथे लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यास इन्स्टॉलर नव्हता. आरंभीचा गाभा मिनिक्स ही दुसरी कार्यप्रणाली असलेल्या यंत्रावरच सिद्ध करावा लागे. 1992 मध्ये मँचेस्टरच्या संगणन केंद्रातील ओवेन ल ब्लांक यांनी स्वतंत्रपणे बसविता येईल असा संच तयार केला. स्लॅकवेअर व डेबियन हे संच 1993 मध्ये निघाले. पुढे इन्स्टॉलर अधिकाधिक सुलभ होत गेले. डेबियनचा नव्याने लिहिलेला इन्स्टॉलर 2005 मध्ये प्रचारात आला व 2009 च्या आवृत्तीत त्यात मराठीचीही भर पडली. इन्स्टॉलरमुळे तज्ज्ञ नसलेल्यांनाही लिनक्सचा मार्ग मोकळा झाला, हे त्याचे मोठे श्रेय होय. डिस्कचे विभाग हाताने पाडताना झालेल्या चुकीने सर्व माहिती नष्ट होऊ शकते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

उलट प्रवाहाचे ठळक उदाहरण म्हणजे जड विनेट यांनी 2002 मध्ये सुरू केलेले आर्च लिनक्स. देखभाल करणाऱ्यांच्या अभावी त्याचा जुना इन्स्टॉलर जुलै 2012 मध्ये वगळण्यात आला व त्याऐवजी काही लहान आज्ञालेख देण्यात आले. प्रत्येक टप्पा वापरणाऱ्याने स्वतः करावयाचा असल्याने आपल्या यंत्रात काय आहे ते त्यास कळे. मात्र नवख्यांना ही वाट अवघड जाई. एप्रिल 2021 मध्ये ‘आर्चइन्स्टॉल’ हा इन्स्टॉलर पुन्हा समाविष्ट झाला, तथापि हस्तप्रस्थापनाची मार्गदर्शिका कायम राहिली. इन्स्टॉलर अशा रीतीने ऐच्छिक ठरला.

डेबियनमध्ये ही ऐच्छिकता रचनेतच आहे. मूळ प्रणाली उतरविणारे ‘डीबूटस्ट्रॅप’ हे साधन इन्स्टॉलर स्वतः वापरतो आणि चालू असलेल्या दुसऱ्या लिनक्सवरून ते कोणासही थेट वापरता येते. याउलट इन्स्टॉलर अनिवार्य असल्यास त्याच्या निर्मात्याला वापरणाऱ्यावर अटी घालता येतात. 2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 च्या होम आवृत्तीने प्रारंभिक मांडणीसाठी इंटरनेट जोडणी व मायक्रोसॉफ्ट खाते आवश्यक ठरविले. खाते हा प्रस्थापनाचा तांत्रिक टप्पा नव्हे. तरी इन्स्टॉलरनंतर लगेच येणाऱ्या या मांडणीतून गेल्यावाचून यंत्र हाती येत नसल्याने ती अट पाळणे भाग पडते.

सारांश, इन्स्टॉलर असावा की नसावा, हा खरा प्रश्न नाही. त्याने केलेले प्रत्येक काम वेगळ्या साधनांनी करता यावे व त्याची रीत लिखित स्वरूपात उपलब्ध असावी, एवढीच ऐच्छिकतेची कसोटी होय. ती पूर्ण झाली, तर नवख्याची सोय व जाणत्याचे स्वातंत्र्य यांत विरोध उरत नाही.