फाटका स्पीकर आणि गिटारचा आवाज

हेडफोन असतील तर लावा, कारण आजचा भाग कानाने समजून घ्यायचा आहे.

मार्च १९५१. अमेरिकेत मिसिसिपीतून काही तरुण पोरं गाडीत वाद्यं कोंबून मेम्फिसला निघाली होती. आईक टर्नरचा बँड होता हा. मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स नावाच्या माणसाच्या छोट्या स्टुडिओत त्यांचं रेकॉर्डिंग होतं. वाटेत काहीतरी झालं आणि गिटारवाल्याच्या ॲम्पचा स्पीकर खराब झाला. नेमकं काय झालं यावर एकमत नाही. कुणी सांगतं ॲम्प गाडीवरून पडला, कुणी सांगतं पावसाचं पाणी आत गेलं. स्टुडिओत पोचून वायर लावली तर स्पीकर फरफरायला लागला.

दुरुस्तीला वेळ नव्हता. फिलिप्सने काय करावं? कागद चुरगळून फाटलेल्या कोनमध्ये कोंबला आणि म्हणाला, वाजवा. त्या फरफरीत गिटार सॅक्सोफोनसारखी जाडजूड वाजायला लागली. फिलिप्सला ते इतकं आवडलं की त्याने गिटार मागे दडवली नाही, उलट पुढे आणली. गाणं होतं 'रॉकेट ८८'. त्या वर्षी ते अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या नंबरावर गेलं, आणि पहिलं रॉक अँड रोल गाणं कोणतं या वादात आजही त्याचं नाव निघतं. वादकाचं नाव विली किझार्ट. रेकॉर्डवर नाव छापलं गेलं गायकाचं, म्हणजे जॅकी ब्रेन्स्टनचं. बँड ज्याचा होता त्या टर्नरचं नाव पुढे नाही, तर किझार्टला कोण विचारतो!

ही गोष्ट आधी सांगितली, कारण 'स्पीकर बदलून टोन सुधारायचा' म्हटलं की आपण कॅटलॉग उघडतो. या इतिहासात मात्र सुधारणा बऱ्याचदा बिघाडातून नाहीतर नाइलाजातून आली आहे.

आधी थोडं यंत्राबद्दल. स्पीकरमध्ये एक कागदी कोन असतो, त्याच्या बुडाशी तारेची गुंडाळी आणि मागे लोहचुंबक. गुंडाळीतून वीज गेली की कोन पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो. ही रचना राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी १९२५ मध्ये मांडली, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. रेडिओसाठी, सिनेमासाठी स्पीकर बनवणाऱ्यांचं ध्येय एकच होतं, जे आत जाईल तेच बाहेर यावं. प्रामाणिक स्पीकर.

गिटारला हा प्रामाणिकपणा झेपत नाही. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने मान टाकतो, आणि तेच बरं आहे. कारण ॲम्प ताणून वाजवला की वरच्या पट्टीत मधमाशांच्या पोळ्यासारखी गुणगुण तयार होते. कागदी कोन ती गाळून टाकतो. वर कोन स्वतःही थरथरतो, वाकतो, स्वतःचं काहीतरी मिसळतो. खरं सांगायचं तर इलेक्ट्रिक गिटारचं वाद्य तारांवर संपत नाही, ते या कागदावर संपतं.

किझार्टनंतर लोकांनी मुद्दाम स्पीकर फाडायला सुरुवात केली. लिंक रेने पेन्सिलीने ॲम्पच्या स्पीकरला भोकं पाडली आणि त्याचं 'रंबल' १९५८ मध्ये आलं. त्यात एक शब्दही नाही, तरी काही रेडिओ स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला, पोरं मारामाऱ्या करतील म्हणून! १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स बँडमधल्या सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या स्वस्तातल्या एल्पिको ॲम्पचा कोन ब्लेडने चिरला आणि तो छोटा ॲम्प मोठ्या व्हॉक्स ॲम्पला जोडला. त्यातून आलेलं 'यू रिअली गॉट मी' ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं.

आता त्याच लंडनमध्ये, हॅनवेल भागात, एका दुकानात जाऊया. जिम मार्शल. मुळात ड्रम वाजवणारा आणि शिकवणारा. १९६० मध्ये त्याने वाद्यांचं दुकान काढलं. पीट टाउनशेंडसारखी पोरं तिथे यायची आणि कुरकुर करायची की अमेरिकन फेंडर ॲम्प परवडत नाहीत, आणि इथले ॲम्प हवे तसे वाजत नाहीत. मग मार्शलच्या माणसांनी, केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी, फेंडरचा 'बेसमन' ॲम्प समोर ठेवून जवळपास तसंच सर्किट बनवलं. १९६२ मधला हा ॲम्प म्हणजे जेटीएम ४५.

कॉपी म्हणा हवं तर. पण मग तो वेगळा का वाजला? व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर वेगळे होते हे खरं. पण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक स्पीकरचा. फेंडरमध्ये दहा इंची चार जेन्सन स्पीकर होते आणि पेटीची पाठ उघडी होती. मार्शलने लंडनजवळ बनणारे सेलेस्टियनचे बारा इंची स्पीकर घेतले, चार घेतले, आणि पेटी मागून बंद केली. चारच का? कारण एकेक स्पीकर जेमतेम १५ वॅट सोसायचा. ४५ वॅटच्या ॲम्पसमोर दोन ठेवले तर जळणार. चार ठेवले की ६० वॅट, म्हणजे जीव वाचला. आज ज्या 'चार बाय बारा' पेटीसमोर रॉकवाले हात जोडतात, ती अशी साध्या बेरजेतून आली.

पुढे १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्याच पेटीत सेलेस्टियनचा नवा स्पीकर आला, जी१२एम. चुंबक सिरॅमिकचं, वर हिरवं प्लास्टिकचं झाकण, म्हणून नाव पडलं 'ग्रीनबॅक'. सुरुवातीला २० वॅटचा. आता टाउनशेंडला १०० वॅट हवे होते. पुन्हा बेरीज करा. चार गुणिले वीस म्हणजे ऐंशी. पुरत नाहीत. त्याने आठ स्पीकरची एकच पेटी मागितली. ती उचलताना सामान वाहणाऱ्यांनी हात टेकले. मग एकावर एक दोन पेट्या ठेवायची पद्धत आली आणि 'मार्शल स्टॅक' जन्माला आला.

अमेरिकेत उलटं चाललं होतं. तिथे डिक डेल नावाचा सर्फ गिटारवाला इतक्या जोरात वाजवायचा की स्पीकर जळायचे. लिओ फेंडरने वैतागून जेबीएलचा पंधरा इंची दणकट स्पीकर घेतला, गिटारसाठी त्याची डी१३०एफ ही खास आवृत्ती निघाली. हा स्पीकर स्वच्छ, फाडणं-बिडणं नाही.

आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा कॅलिफोर्नियाचा, १९६० च्या दशकाच्या अखेरचा. रँडल स्मिथ नावाचा ॲम्प दुरुस्त करणारा. त्याच्याकडे बॅरी मेल्टन या गिटारवाल्याचा छोटासा फेंडर प्रिन्स्टन आला. स्मिथला खोडी सुचली. बाहेरून डबा तसाच ठेवून आत मोठ्या ॲम्पचं सर्किट घातलं, मोठे ट्रान्सफॉर्मर बसवले, आणि दहा इंची स्पीकर काढून बारा इंची जेबीएल कसाबसा बसवला. कार्लोस सांटानाने तो ॲम्प दुकानात वाजवून पाहिला, बाहेर गर्दी जमली. सांटानाच्या तोंडून 'बूगी' हा शब्द निघाला आणि मेसा बूगी कंपनीला नाव मिळालं. एका थट्टेतून अख्खी कंपनी!

तुम्हाला स्वतः बदलायचा असेल तर तीन गोष्टी. ओहम जुळले पाहिजेत, आठच्या जागी आठच. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर स्पीकर काढून कधीही चालू करू नका, ट्रान्सफॉर्मर जाईल. आणि वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी बघा. दोन स्पीकरमध्ये ३ डेसिबलचा फरक म्हणजे तेवढाच आवाज काढायला दुप्पट ताकद. सेलेस्टियनचा निळा स्पीकर १०० डेसिबलचा आहे, ग्रीनबॅक ९८ चा. म्हणजे ॲम्पला हातही न लावता आवाज लहानमोठा होतो.

एक कबुली देतो. कॉलेजात माझ्याकडे दहा वॅटचा सेकंडहँड ॲम्प होता. मावसभावाने त्याच्या स्पीकरमध्ये छत्रीची काडी घातली. दोन वर्षं मी फाटक्या कोनवरच वाजवलं, शिव्या घालत. पहिला पगार झाला तेव्हा लॅमिंग्टन रोडला नेऊन नवा कोन बसवून घेतला. कारागिराने काम झकास केलं, आवाज एकदम साफ झाला. घरी येऊन मी जुना रिफ वाजवला आणि तो माझा वाटेचना. तेव्हा मला किझार्टचं नावही माहीत नव्हतं.

आता तर सगळं फोनवर आहे. गिटार ॲपमध्ये 'कॅब' नावाची यादी असते ना, ती म्हणजे स्पीकर बदलणंच. खऱ्या पेटीसमोर माईक ठेवून तिचा प्रतिसाद नोंदवलेला असतो, त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. नावात 'ग्रीन' दिसलं की समजा, हॅनवेलची ती पेटी आहे. आज रात्री एक प्रयोग करा. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त कॅब बंद करा. ती मधमाशांची गुणगुण ऐकू येईल. मग एकेक कॅब लावून बघा.

माझ्या ॲपमध्ये चाळीसेक पेट्या आहेत. कागद कोंबलेली एकही नाही. तुमच्या ॲपमध्ये सापडली तर कळवा. पुढच्या भागात भेटू.